जस्ताची वडी

१९६३ साली बेलापूरच्या खाडीकाठी त्या कोळीवाड्यात इंजिनाची होडी एकच होती, जयदेवची. वर्षात दुसऱ्यांदा खाऱ्या पाण्याने तिच्या पंख्याचा लोखंडी दांडा खाल्ला, तेव्हा वाड्याचे पाटील हिरामण म्हणाले, “इंजिन काडा. शिडावरच बरं हाय.” ओहोटीला गावचाच गोवर्धन, गोदीतला फिटर, होडीखाली वाकला. दांड्याजवळ बसवलेल्या जस्ताच्या वडीवर लाल रंग होता. “ही कोनी रंगवली?” “मी,” जयदेवची बायको चंदा पुढे येऊन म्हणाली. “नारली पुनवेला होडी रंगवते, तवा हिलापन रंगवते. चुकलं काय?” गोवर्धन म्हणाला, “खारं पानी आधी जस्त खातं, म्हनून लोखंड वाचतं. जस्त रंगाखाली झाकलं, मग पान्याने दांडा धरला.” चंदाने कमरेची सुरी काढली आणि वडी उघडी पडेपर्यंत रंग खरवडला. “नवा दांडा बसवू,” ती पाटलांना म्हणाली. “शिमग्यापरेंत टिकला नाय, तर इंजिन मीच काडून देते.” शिमग्याला होडी वर ओढली. दांडा गुळगुळीत होता. वडी मात्र कुरतडल्यासारखी निम्मी झाली होती. पाटलांनी ती बोटांनी चाचपली. “ही तर संपत आली.” “संपायलाच लावलीय, मामा. उद्या नवी लावते.” पाटलांनी दांड्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, “माज्या होडीला इंजिन बसवलं, तर वडी तू लावशील?”