रस्ता, छत, नवरा

सिस्टरने खुब्याच्या हाडावरच्या लाल डागावर अंगठा दाबला आणि उचलला. डाग सदऱ्याच्या गुंडीएवढा. क्षणभर जरासा पांढरा पडला, मग हट्टाने पुन्हा लाल झाला. सुनेने धरलेला श्वास सोडला.

"थोडक्यात वाचलात," सिस्टर म्हणाली. "दाबूनही लालच राहिला असता तर आतलं मांस मरायला लागलं असं समजायचं. कातडी फुटली की जखम हाडापर्यंत जाते. मग घर नाही, दवाखान्यातली खाट."

खाटेवरच्या बाईला सगळी गल्ली फौजदारीण म्हणते. कमरेखालचं अंग दोन महिन्यांपासून हलत नाही. वरचं, म्हणजे मुख्यतः जीभ, शाबूत आहे.

"दवाखान्यात मी जायची नाही," ती म्हणाली. "एकदा राहून आले. जेवण कुठलं आणि औषध कुठलं, चवीवरून कळत नाही तिथे."

सिस्टरने तिला पुन्हा पाठीवर निजवलं आणि भिंतीवरचा कागद वाचला. सुनेचं अक्षर. आठला डावी, दहाला पाठ, बाराला उजवी, दोनला पाठ, चारला पुन्हा डावी. डावी कूस सुनेच्या वाट्याची, उजवी सासऱ्यांच्या.

"वेळा पाळता का?"

"मिनिटाचा फरक नाही," घड्याळजी दुखावून म्हणाले. हे फौजदारणीचे यजमान. पलीकडच्या भिंतीला टेबल लावून घरातच घड्याळं दुरुस्त करतात. वेळेबद्दल त्यांना विचारणं म्हणजे माशाला पोहता येतं का विचारणं.

"मग डाव्याच अंगाला डाग कसा? उजवं तर कोरं करकरीत आहे."

सासरा-सून एकमेकांकडे बघायला लागले.

"मी डावीच करते," सून म्हणाली.

"आणि मी उजवीच," सासरे म्हणाले.

"करून दाखवा बघू."

घड्याळजी पायथ्याशी उभे राहिले, बायकोकडे नीट बघितलं आणि तिला आपल्या उजव्या हाताकडे वळवायला लागले.

"बाबा!" सून ओरडली. "ही तुमची उजवी. आईंची डावी!"

"उजवी ती उजवी. घड्याळातले तीन कुठल्या बाजूला असतात?"

"घड्याळ समोरून बघतात, बाबा. आईंना काय आपण भिंतीवर टांगलंय?"

पंधरा दिवस सून डाव्या कुशीवर निजवत होती, आणि सासरे उजवी समजून पुन्हा डाव्याच. मध्ये पाठ यायची, म्हणून दोघांनाही पत्ता नाही. सिस्टर हसायला लागली ती थांबेना. मग एकदम फौजदारणीकडे वळली.

"आजी, यांचं समजलं. पण तुम्हाला डावं-उजवं कळत नाही होय?"

"न कळायला काय झालं?"

"मग बोलला का नाहीत?"

डाव्या हाताला खिडकी होती. फौजदारणीने तिकडे मान केली. "समोर गाडी चालवायला शिकवतात. एक बाई पंधरा दिवस झाले गाडी मागे घेतेय. रोज तोच खांब ठोकते. काल हातभर अलीकडे थांबली. आज-उद्या जमेल तिला. तिकडे वळून काय बघू, यांची पाठ? चव्वेचाळीस वर्षं बघतेय. नवीन काही उगवत नाही तिच्यावर."

घड्याळजींनी कपाळावर सरकवलेलं भिंग काढून उगाचच पुसलं.

"डाग जाईपर्यंत रस्ता बंद," सिस्टर म्हणाली. "खिडकीपायी अंगाला भोक पाडून घ्यायचंय का?"

सुनेने कागद टराटरा फाडला. "डावी-उजवी नकोच. आई, तुम्हीच नावं सांगा."

"लिही. खिडकीकडे तो रस्ता. पाठीवर ते छत. आणि भिंतीकडे..." ती अडखळली. "लिही, नवरा."

सुनेने तिन्ही नावं लिहिली आणि रस्त्यावर काट मारली.

बाराला तिला नवऱ्याकडे वळवलं. ओढायचं नाही, सिस्टरने बजावलं, चादरीसकट उचला, ओढलं की कातडी सोलते. पाठीमागे उशी, म्हणजे अंग तिरकं राहून भार थेट हाडावर येत नाही. गुडघ्यांच्या मध्ये एक. पोटऱ्यांखाली एक, टाचा अधांतरी. चादरीला एक सुरकुती चालायची नाही.

"एवढा थाट माझ्या लग्नातही नव्हता," फौजदारीण म्हणाली.

मग दोन तास समोर पाठ. वाकलेली, सदरा खांद्यावर विरलेला. तिने तसं ऐकवलंही. दोनला तिला छताकडे केलं; चारला पुन्हा नवरा.

छताकडे बघणाऱ्याला बाजूचं दिसत नाही, ऐकू मात्र येतं. अडीचच्या सुमाराला जड टेबलाचे पाय फरशीवर करकरले. मग खुर्चीचे. मग कपाटाचं दार, आणि इस्त्रीच्या कापडाची घडी मोडल्यासारखा आवाज.

"काय चाललंय?"

"काही नाही. टेबल फिरवलं."

"अहो, उजेड डोळ्यांवर येईल की तुमच्या."

"येऊ दे."

फौजदारणीने हाताने केस सारखे केले. असं वर्षातून एकदा होतं.

पावणेचारला तिने विचारलं, वाजले का. दहा मिनिटं कमी असताना पुन्हा विचारलं. सून उशा घेऊन दारात येऊन उभी राहिली.

"तुमचं ते भिंतीवरचं घड्याळ मागे पडलंय," फौजदारीण छताला म्हणाली.

घड्याळजींच्या हातच्या घड्याळाला आजवर असं कुणी बोललं नव्हतं. ते उठले, स्टुलावर चढले आणि मोठा काटा अलगद बारावर नेऊन ठेवला.