पटावाचून डाव

चेन्नईतल्या बुद्धिबळ स्पर्धेत लेबननच्या झैनाची गाठ इस्रायलच्या तामारशी पडली. इस्रायली बॉम्बनं आजीसकट तिचं घर गेलं, त्याचं उट्टं काढायला झैना दोन वर्षं टपून होती. पण तिच्या देशाचा कायदा आडवा आला: इस्रायली माणसासमोर पटाला बसायचं नाही. ती दाराच्या काचेआडून दातओठ खात बघत राहिली. अर्धा तास तिची वाट बघून पंच श्रीरंजनीबाईंनी तामारला विजयी ठरवलं.

"फुकटचा गुण नको मला!" तामार उसळली. "तिच्या देशातून आलेल्या रॉकेटनं माझा भाऊ गेला. मला ती समोर हवी होती."

जिन्यात तामार शेजारून जाताना झैना मान न वळवता पुटपुटली, "राजापुढचं प्यादं, दोन घरं."

तामार थबकली.

"माझंही तेच," ती म्हणाली. "आता पळू नकोस."