बूथवरची ओळख

लोह्याजवळच्या त्या गावात लोकसभा असो की विधानसभा, बूथवरच्या एकाच बाकड्यावर दोन सख्खे भाऊ दोन पक्षांचे एजंट म्हणून एकमेकांकडं पाठ करून बसायचे. एका लोकसभेला त्यांचं बोलणं तुटलं. पुढच्या विधानसभेला दगडोबानं धाकट्या व्यंकटीच्या पोरीच्या लग्नात पाऊलसुद्धा ठेवलं नाही.

यंदा व्यंकटीच्या साहेबांनी ऐनवेळी दगडोबाच्याच पक्षात उडी मारली. एका पक्षाला एकच एजंट लागतो, म्हणून बाकड्यावर दगडोबा राहिला.

फाटक बंद व्हायच्या बेतात व्यंकटी मताला आला. कार्डावरचा फोटो जुना, त्यात आता दाढी वाढलेली. केंद्राध्यक्षांना शंका आली. विरोधी पक्षाचा एजंट चहाला गेलेला, तेव्हा त्यांनी दगडोबालाच विचारलं, "काका, यांना ओळखता का?"

दगडोबानं भावाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"न्हाई. आमच्या गावचा वाटत न्हाई."

व्यंकटी शिव्या घालत दुसरा पुरावा आणायला शेतातल्या घराकडं पळाला. तो परत येईस्तोवर फाटक लागलं होतं.

बाहेर पक्षाचा तालुकाध्यक्ष कपाळ बडवून घेत होता. "दगडूतात्या, डोकं फिरलं का तुमचं? त्यो ह्या टायमाला आपल्यालाच मत टाकणार व्हता!"

"हाव, म्हाईत हाय," म्हणत दगडोबा बाजूला पचकन थुंकला.

"त्याचं अन् माझं मत एकाच बटणावर पडू द्यायचं, तर इतकी वर्सं मी सख्ख्या भावासंगं वैर कशापायी केलं?"