रिकामी खुंटी

"त्या लडाखात झाडच नाही म्हणते," रुख्माबाई म्हणाली. "झाड नाही, तर हवा कुठून येईन?"

जुन्या बाजारातून आणलेला लोकरीचा कोट अंगात घालायची तिच्या नवऱ्याची, पुनारामची खटपट चालली होती, तीही भादव्याच्या उकाड्यात. कोट काखेत अडकला.

"लहान होते ना तुमाले."

"थंडीत आंग आखडते. तिकडं बराबर येईन." एवढं बोलून त्याला खोकल्याची उबळ आली आणि तो खाटेवर बसला.

तीस वर्षं मॅंगनीजच्या खाणीत काढलेला माणूस दुसरं काय घेऊन घरी येणार! आषाढात डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून साफ सांगितलं होतं, ही छाती बालाघाटातच सांभाळा, लडाखच्या उंचीवर गेलात तर परत येणं नाही. त्या दिवशी घरी येताना पुनारामनं तिला विचारलं होतं, "तू एकटी जाशीन?"

"मी? मी तर बैहरच्या पलीकडं कधी गेली नाही."

"नात नाही पाहाची?"

"तुमी नाही, त मी बी नाही." तिनं विषय मिटवला.

दुसऱ्या दिवसापासून पुनाराम जायच्या तयारीला लागला.

त्यांचा मुलगा सुखराम लेहला सरकारी जीप चालवायचा. तिथल्या उंच, ओसाड पठारावरची रानगाढवं मोजणाऱ्या साहेबांना फिरवायचं, हे त्याचं काम. कान्हासारखं राखीव रान तिथंही करायचं सरकारच्या मनात होतं म्हणे. नव्हतं ते फक्त रान. तिथल्याच एका बौद्ध घरची मुलगी त्यानं केली. नात आता चालायला लागली होती आणि आजी-आजोबांनी तिला अजून पाहिलंही नव्हतं. दिवाळीच्या सुमारास बर्फानं रस्ता बंद व्हायचा. जायचं तर भादव्यातच.

रुख्माबाईला नात हवी होती आणि नवराही हवा होता. दोन्ही मिळतील असं काही दिसत नव्हतं. घास तोंडात असतानाही तिला त्याच्या जिवाची भीती वाटायची.

पुनाराम मात्र इरेला पेटला होता. रोज सकाळी तो तिला घरामागच्या टेकडीवर पिटाळायचा. "उंचीची सवय पाहिजे. तू चाल पुढं, मी येतो." आणि स्वतः पायथ्याच्या मोहाच्या झाडाखाली बसून राहायचा. ती वर जाऊन खाली यायची, तरी हा तिथंच. उतरताना ती आधी लांबूनच बघायची, त्याची छाती हलते की नाही.

एके दिवशी टेकडीवरून आल्यावर तिनं हातपाय धुतले, आणि नंतर पाहते तर डाव्या हातात चांदीची बांगडी नाही. लग्नातली बांगडी, आता सैल झालेली. तिनं सारी वाट पालथी घातली.

"सापडीन," पुनाराम म्हणाला. त्याच्या तोंडावर काळजीचं नावही नव्हतं. तिच्या मनात मात्र पाल चुकचुकली.

लामता गावचा चैतराम फौजेत होता. सुट्टी संपवून तो लेहलाच परत चालला होता आणि त्यांना सोबत नेणार होता. तिकिटंही त्याच्याचकडे होती.

"जम्मूले उतरल्यावर काय करशीन?" पुनाराम दर जेवणाला विचारायचा.

"चैतरामच्या मागं राहीन."

"अन् चहा पाहिजे असला त?"

"तुमी मागान ना!"

"मले खोकला आला त? हिंदीत बोलून दाखव."

ती बोलून दाखवायची आणि पदरानं डोळे पुसायची.

निघायचा दिवस उजाडला. एकच पेटी भरली होती. दोघांचे कपडे अलग कशाला, असं त्याचं म्हणणं. उंबरा ओलांडल्यावर रुख्माबाईनं मागं वळून पाहिलं.

दाराजवळची खुंटी रिकामी होती.

खाणीत उतरताना प्रत्येकानं आपला पितळी बिल्ला फळीवर अडकवायचा आणि वर आलं की काढून घ्यायचा, अशी रीत होती. कामाची पाळी संपूनही बिल्ला लटकत राहिला, तर माणूस खाली अडकला हे सगळ्यांना कळायचं. पुनारामनं ही रीत घरातही आणली होती. लालबर्र्याला एका रात्रीसाठी गेला तरी तो खुंटीला बिल्ला लावून जायचा. "ज्याले वापस यायचं आहे, तो बिल्ला लावून जाते," असं म्हणायचा. आधी ती त्याला हसायची. पुढं त्या बिल्ल्याकडे बघून तिला झोप लागायला लागली.

"बिल्ला लावला नाही तुमी?"

"चाल, गाडी सुटीन." त्यानं नुसती कडी ओढून घेतली.

सायकलरिक्षात ती त्याची बाही धरून बसली. म्हणजे याला ठाऊक आहे. हा परत यायला निघालेलाच नाही. तिनं ठरवून टाकलं, गोंदिया आलं की उतरायचं आणि याला ओढत घरी आणायचं. नातीचं तोंड नाही दिसलं तर नाही दिसलं.

स्टेशनात चैतरामनं पेटी आत घेतली आणि तिला खिडकीशी बसवलं. पुनाराम सुरई भरून आणायला म्हणून खाली उतरला. तेवढ्यात शिट्टी झाली.

"चढा ना!" ती ओरडली.

गोंदियाची नॅरोगेजची छोटी गाडी हलली. पुनाराम खिडकीशी आला, चालता चालताच त्यानं सुरई दारातल्या चैतरामच्या हातात दिली. रुख्माबाईनं गजांतून त्याचं मनगट घट्ट धरलं.

"अवो, चढा! बिल्ला काहून नाही लावला? मराले चालले का तुमी?"

पुनारामला धाप लागली होती, तरी तो हसत होता. "मी कुठं चाललो, बिल्ला लावाले?"

त्यानं मनगट सोडवून घेतलं आणि दुसऱ्या हाताची मूठ उघडली. तिची चांदीची बांगडी होती.

"हे लावतो खुंटीले," तो म्हणाला. "काढाले तूच येजो."