दोन बाहुल्यांमधलं अंतर

"हलू नकोस. माझ्या या डोळ्याकडे बघ," चष्मेवाला म्हणाला. दुसरा डोळा त्याने मिटून घेतला होता. हातभर अंतरावर स्टुलावर त्याची मुलगी बसली होती आणि तिच्या नाकावर त्याने मापाची पारदर्शक पट्टी टेकवली होती.

डोळ्यांचा नंबर यंत्रावर काढून झाला होता. आता दोन बाहुल्यांमधलं अंतर तेवढं राहिलं होतं. दुपार कलली होती. खिडकीत मांडलेल्या भिंगांमधून ऊन भिंतीवर सांडलं होतं आणि सगळं दुकान पाण्याखाली असल्यासारखं संथ हलत होतं.

चष्मा जवळच्या कामाचा होता. कालच ती म्हणाली होती, "बाबा, मी जात नाही. इथेच दुकानात बसेन तुमच्याबरोबर." समुद्रापलीकडच्या एका डोंगरावर दुर्बिणीची भिंगं घासायची नोकरी तिला मिळाली होती. भिंगं म्हणे माणसाएवढी. "एवढ्याला फ्रेम कुठली बसवणार?" अशी थट्टा करत बापाने महिनाभर जीव मुठीत धरला होता. बायको गेल्यापासून घरात दोघंच. ती राहते म्हणाली आणि त्याचा जीव भांड्यात पडला. काल तो चक्क गाणं गुणगुणत भांडी घासत होता.

पट्टीवर चौसष्ट आलं. त्याच्या कपाळाला आठी पडली. चौसष्ट हे तिचं लांब बघतानाचं माप. माणूस जवळ बघायला लागला की बाहुल्या आपोआप नाकाकडे सरकतात. माप तीनेक मिलिमीटरने उतरायलाच हवं.

"माझ्याकडे बघ गं."

"बघतेच आहे की, बाबा."

पुन्हा चौसष्ट. ती सरळ त्याच्या डोळ्यात बघत होती, ओठांवर हसूही होतं. नजर मात्र त्याच्या आरपार, भिंतीच्याही पलीकडे कुठेतरी जाऊन टेकली होती. जेवताना, कपडे वाळत घालताना ती हल्ली अशीच बघायची. राहते म्हणून सांगून मोकळी झाली होती खरी, पण इथे नव्हतीच. त्याला फार वाईट वाटलं. गप्प बसावं, असंही वाटून गेलं. अंदाजाने एकसष्ट धरलं असतं तरी चष्मा झकास बसला असता. कुणाला कळणार होतं?

त्याने पट्टी तशीच धरून ठेवली.

"त्यांना कळवून टाक," तो म्हणाला. "येते म्हणून."



"आणि तुम्ही?"

"मला काय धाड भरलीय? मी आहे की इथे."

भिंतीवरचं ऊन थोडं वर चढलं. पट्टीमागे तिच्या बाहुल्या हळूहळू आत सरकल्या आणि एकसष्टावर येऊन थांबल्या. कितीतरी दिवसांनी मुलगी त्याच्याकडे बघत होती.