कडुनिंबाखालचा थांबा

तिसऱ्या थांब्याचं बाकडंही रिकामं होतं. कडेवरच्या धाकट्याला सावरत वैजयंता पुढे पळाली. पुण्यात बसचा संप होता, म्हणून ती दोन्ही मुलांना घेऊन स्टेशनवरून नणंदेच्या घरी पायीच निघाली होती. गर्दीत सहा वर्षांच्या ईश्वरीचा हात सुटला.

"चुकामूक झाली तर बसच्या थांब्यावर जाऊन बसायचं. मी येईपर्यंत हलायचं नाही," असं तिनेच लेकीला बजावलं होतं. गावात थांबा एकच, कडुनिंबाखालचा. इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दर दोनशे पावलांवर एक.

चौथ्या थांब्यावरही कोणी नव्हतं. "पिवळ्या फ्रॉकातली मुलगी दिसली का हो इथे बसलेली?" तिने फुलवाल्याला विचारलं.

"संपात थांब्यावर कोण बसतंय, ताई?"

ती पुढे धावली. बस नाही म्हणून एखादं भलं माणूस पोरीला उठवून नेईल. आणि ते भलं नसलं तर?

तेवढ्यात पलीकडच्या थांब्यावर पिवळा फ्रॉक दिसला. एक बाई ईश्वरीला ओढत होती आणि ईश्वरीने दोन्ही हातांनी खांब कवटाळला होता.

"तुमची का ही?" बाई घामाघूम झाली होती. "अर्धा तास सांगतेय, आज बस येणार नाही, पोलीस चौकीत चल. हलेल तर शपथ!"

"मी बसची वाट बघतच नव्हते," ईश्वरी म्हणाली.

वैजयंता तिची बोटं सोडवायला गेली, पण हात मध्येच थांबला. तिनेही तोच खांब धरला.