जागा नाही

"आई, सी ड्राइव्हमध्ये जागा नाही. डीमध्ये टाकू?" कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ बसवताना शाल्मलीनं विचारलं.

माझी पोर वैमानिक. गेल्या महिन्यात डोळ्यांच्या तपासणीत अडकली, तेव्हा कंपनीनंही तिला हेच ऐकवलं होतं, जागा नाही.

मी चौथी शिकलेली, पण डीमध्ये काय आहे ते मला पक्कं ठाऊक. बँकेच्या परीक्षेचा अभ्यास, मीच डोक्यावर बसून भरायला लावलेला. तो पुसला तरच खेळ मावणार, आणि परीक्षा तर रविवारी.

"खेळून पोट भरणार का, महाराणी?"

"शेवटचं विमान उतरवलं ना, तेव्हा ते शेवटचं आहे हे माहीतच नव्हतं गं."

एरवी माझ्यापुढे कुणाचं चालत नाही. मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले.

"टाक डीमध्ये. पण लगेच उतरवू नकोस."